कोड कुणाचा, ब्लॅक बुक कुणाचे?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. चार जणांचा गट समोर उभा आहे. बाहेरून आलेले परीक्षक एकेकाला विचारतात, "यात तुझं काम काय?" पहिला सांगतो, सर्व्हर आणि डेटाबेस. दुसरा सांगतो, मशीन लर्निंगचं मॉडेल. तिसरा, मोबाइल ॲप. चौथा म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने बारामतीकडे येणारा आपला भाऊ. तो म्हणतो, "सर, डॉक्युमेंटेशन." परीक्षक मान हलवतात आणि पुढचा प्रश्न पुन्हा पहिल्याला विचारतात. चौथ्याची परीक्षा तिथेच संपलेली असते.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात त्याने स्वतः हे सांगितले. मुलगा कामचुकार नव्हता. ब्लॅक बुकची सगळी पाने त्याने टाइप केली, आकृत्या दुकानात बसून नीट करून घेतल्या, सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगच्या प्रती काढल्या. त्यासाठी दोनदा शेवटची गाडी चुकवून मित्राकडे मुक्काम केला. मार्कही त्याला वाईट पडले नाहीत, त्यामुळे तक्रार करावी असे त्याला वाटलेच नाही. पुढे पुण्यात नोकरीच्या मुलाखतीत विचारले गेले, "प्रोजेक्टमधला सगळ्यात अवघड बग कोणता होता? कसा सापडला?" तेव्हा त्याला कळले की ज्या प्रोजेक्टवर आपले नाव सोनेरी अक्षरात आहे, तो प्रोजेक्ट आपण कधी आतून पाहिलेलाच नाही.

महाविद्यालयाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की चर्चा त्या एका संस्थेची होईल, तिचे समर्थक आणि विरोधक भांडत बसतील आणि मूळ दुखणे बाजूला पडेल. वर्गात येणाऱ्या मुलामुलींना आम्ही विचारले, तर वेगवेगळ्या ठिकाणी शिकणाऱ्या पोरांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितले. गट चौघांचा, पण कोड एकाचा किंवा दोघांचा. बाकीच्यांच्या वाट्याला पीपीटी, ब्लॅक बुक, झेरॉक्स आणि गाईडच्या सह्या. आणि हे 'बाकीचे' कोण असतात, याचे उत्तर प्रत्येक वेळी योगायोगाने सारखेच येत नसते.

बारामती आणि इंदापूर हे काही शिक्षणाचे वाळवंट नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आहे, विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ ची. इंजिनीअरिंगसाठी पोराला पुण्यालाच पाठवायला हवे, असे आता राहिलेले नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने तर पहिल्याच वर्षापासून 'प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग' आणले. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प आले. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरच्या पोरांनाही प्रोजेक्ट चुकत नाही. म्हणजे पुढच्या काळात आपली मुले जे काही शिकतील, त्यातला मोठा हिस्सा गटात बसून शिकतील. म्हणूनच गटात कोण कुठे बसतो, हा प्रश्न आता आरक्षण आणि शिष्यवृत्तीइतकाच आपला प्रश्न आहे.

आपल्यातलेच काही जाणते कार्यकर्ते म्हणतात, हे गटाचे प्रोजेक्ट बंदच करायला लावा. त्यांचा मुद्दा हलका नाही. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, क्रमांक असतो. तपासणाऱ्याला आपली जात दिसत नाही. उलट प्रोजेक्टचे मार्क गाईडच्या हातात, गट दोस्तीवर, दोस्ती गाव-भावकीवर. जिथे माणूस माणसाला बघून मार्क देतो, तिथे आपण मार खातो, हा पिढ्यांचा अनुभव आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या उमेदवारांना बोलावणी कमी आली. आडनाव झाकले तर न्याय मिळतो, हे मग कोण नाकारील?

तरीही आम्ही या मागणीच्या विरोधात आहोत.

कारण सॉफ्टवेअर एकट्याने होत नाही. 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग' हे नाव रूढ झाले ते १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेमुळे. त्या परिषदेपुढचे रडगाणे हेच होते की मोठे प्रोग्राम वेळेत होत नाहीत, खर्चात बसत नाहीत, चालत नाहीत. एका हुशार माणसाने बसून लिहावे असे ते कामच उरले नव्हते. त्याच वर्षी मेल्विन कॉनवे या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक लेख लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की एखाद्या संघटनेत माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच रचना ती घडवीत असलेल्या यंत्रणेला येते. ज्या दोन गटांत बोलणे नाही, त्यांनी बनवलेले भागही एकमेकांशी नीट जुळत नाहीत.

कॉनवेला जात ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण हे वाचताना आम्हाला गावकूस आठवले. बोलणे तुटलेल्या माणसांनी बनवलेली वस्तूही तुटकीच निघणार.

तेव्हा गटात काम करणे ही या धंद्यातली मूळ विद्या आहे. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणे, आपल्या कोडवर टीका ऐकून घेणे, दोघांचे काम जोडताना जे मोडते ते निस्तरणे, या गोष्टी लेखी पेपरात शिकता येत नाहीत. ही विद्या आपल्या पोरांना 'संरक्षण' म्हणून नाकारायची आणि मग त्यांनी कंपनीत जाऊन पहिल्यांदा ती शिकायची? तिथे शिकवायला कुणी बसलेले नसते. आणि तिथेही जात सुटत नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या राज्य यंत्रणेने सिस्को या बड्या कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याला जातीवरून डावलल्याचा दावा दाखल केला. दोन व्यवस्थापकांवरचे आरोप २०२३ मध्ये मागे घेतले गेले, हेही खरे. पण जात अमेरिकेच्या न्यायालयात पोचली ती टीमच्या वाटेने, हे विसरू नका.

शिवाय ही पद्धत आपल्याला परकीही नाही. करून शिकण्याचा विचार ज्यांनी शिक्षणात रुजवला ते जॉन ड्यूई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे शिक्षक होते. ड्यूईंच्याच परंपरेतल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रोजेक्ट मेथड'वरचा निबंध लिहिला, तोही कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजात शिकवत असताना. आज जे 'पीबीएल' म्हणून मिरवले जाते, त्याचे घराणे बाबासाहेबांच्या वर्गखोलीशेजारचे आहे. ते आपण का सोडायचे?

खरा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांत जावे लागेल.

गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, थुंकी लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण विणकराला कसा चालणार? मालकाने पाटी लावलेली नव्हती. लाल बावट्याखाली एकत्र आलेल्या कामगारांनीच हे पाळले होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की सर्व खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसे संपापासून दूर राहतील. पुढाऱ्यांनी मागणी घेतली, ती कुरकुरत. मालक म्हणाले, हा अन्याय आम्ही केलेला नाही. पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची उतरंड यांतला फरक दाखवून दिला. तो फरक गिरणीत डोळ्यांनी दिसत होता.

आता आपल्या चौघांच्या गटाकडे बघा. पाटी इथेही नाही. गाईड म्हणतात, गट मुलांनीच केले. मुले म्हणतात, ज्याला जे येते ते त्याने घेतले. त्याला टायपिंग येते, मग टायपिंग त्याचे. पण पहिल्या वर्षी त्याला टायपिंग आले म्हणून टायपिंग दिले, दुसऱ्या वर्षी टायपिंगचा अनुभव आहे म्हणून टायपिंग दिले, तर कोड त्याला येणार कधी? विणकाम खात्यात शिरू दिले नाही आणि मग म्हटले, याला विणता येत नाही. आजचे विणकाम खाते म्हणजे कोड. थुंकीचे कारण गेले, 'स्किल'चे कारण आले.

गंमत अशी की कोड लिहिला जातो कुठे, हेही कुणी विचारत नाही. वेळापत्रकात प्रोजेक्टचे तास असतात, पण खरा कोड त्या तासांत होत नाही. तो रात्री होतो, गावात राहणाऱ्या मुलाच्या खोलीवर. तिथे वायफाय आहे, बरा लॅपटॉप आहे, चहा आहे. त्या खोलीत कुणाला बोलावले जाते? इंदापूर रस्त्यावर काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी अशा गावांतून येणाऱ्या पोराचे घड्याळ एसटीच्या हातात असते. शेवटची गाडी गेली की त्याचा दिवस संपतो आणि प्रोजेक्टचा दिवस तिथून सुरू होतो. खोली घ्यायची म्हटली तर घरमालक आधी आडनाव विचारतो, हा अनुभव तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या पोराला रात्री बाहेर राहता येत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती अडकलेली, त्यामुळे लॅपटॉप चुलत्याचा नाहीतर कुणाचाच नाही. मुलींचे तर बोलायलाच नको. सार्वजनिक पैशावर, सार्वजनिक आरक्षणावर मिळवलेला प्रवेश हा असा एका खासगी खोलीच्या दाराशी येऊन थांबतो.

मुलींचा विषय निघाला म्हणून एक कबुली देतो. मागच्या एका वर्षी आमच्या अभ्यासवर्गातल्या पोरांनीच एक गट केला. तीन मुलगे, एक मुलगी, सगळी आपलीच, घरात बाबासाहेबांचा फोटो असलेली. आम्ही खूश होतो. विषयही पोरांनी जोरदार निवडला होता: ऊसतोड मजुरांच्या उचलीचा हिशेब ठेवणारे ॲप. २०२५ साली मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी बारामतीच्या उसातल्या एआयचे उदाहरण जगाला दिले. उपग्रह, सेन्सर, किती पाणी, किती खत. चांगलेच आहे. पण उसाच्या पानाचा हिशेब ज्या तंत्राला कळतो, त्याला ऊस तोडणाऱ्याचा हिशेब का कळू नये, असे आमच्या पोरांचे म्हणणे. विषय क्रांतिकारी, आणि गटाची वाटणी? मुलग्यांकडे कोड. मुलीकडे डॉक्युमेंटेशन आणि 'मजुरांशी बोलून माहिती आणणे'. आमच्याही लक्षात आले नाही. लाज वाटते, पण खरे आहे.

लक्षात आणून दिले ते तिनेच, वेगळ्याच रीतीने. ती अड्ड्यावर गेली, पालांत बसली, वही भरून घेऊन आली. आल्यावर तिने मुलग्यांचे ॲप उघडले, तर पहिल्याच पानावर ईमेल आणि पासवर्ड. ती म्हणाली, ईमेल कुणाचा? पालात मिळून एक फोन, तोही संध्याकाळी चार्ज झाला तर. मग तिने डेटाबेस पाहिला. तक्त्यात एका कोयत्याची एक ओळ होती आणि त्या ओळीत नवऱ्याचे नाव. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मुकादमाच्या वहीत हिशेब पुरुषाच्या नावाने चालतो, म्हणून पोरांनीही तसाच तक्ता केला. ती म्हणाली, मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई तुमच्या तक्त्यात नाहीच. तिची मजुरी किती, तिने किती दिवस काम केले, ती आजारी असताना काय कापले, हे विचारायला जागाच ठेवलेली नाही. एका ओळीच्या दोन ओळी करा.

दोन ओळी करायच्या तर अर्धा कोड बदलावा लागणार होता. पोरे कुरकुरली. सबमिशन जवळ आले होते. शेवटी तीच म्हणाली, तक्ते मी बदलते, मला शिकवा. आठ-दहा दिवस ती चुकत चुकत शिकली. ॲप काही ग्रेट झाले नाही, खोटे कशाला सांगू. नेटवर्क नसताना ते अडखळते आणि कुणा मुकादमाने ते वापरायला घेतलेले नाही. पण तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ तिच्याशी बोलण्यात घालवला, कारण तो तक्ता असा का, याचे उत्तर फक्त तिच्याकडे होते.

तेव्हा गटात आपले पोर असणे म्हणजे कोटा भरणे नव्हे. गरजा समजून घेणे हा सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगचा पहिला धडा, आणि तो धडा ज्यांच्या घरात जगला जातो त्यांनाच आपण टायपिंगला बसवतो. आता तर कोड लिहून द्यायला एआय हाताशी आहे. मग काय बनवायचे, कुणासाठी, आणि बनले ते बरोबर आहे का, एवढेच तर माणसाकडे उरले. पुण्यातून पैसे देऊन रेडिमेड प्रोजेक्ट आणणारे गट आम्ही पाहिले आहेत. कॉन्ट्री काढायची, चौघांनी भरायची, आणि आपल्या पोराने शिष्यवृत्तीच्या आशेवर उसने पैसे काढून ती भरायची. त्याने विकत काय घेतले? स्वतःच्या अडाणीपणावर सोनेरी अक्षरांचे बाइंडिंग.

काय करायचे, यावर आमचे काही आग्रह आहेत. पहिला गटाबद्दल. गट मुलांनी करायचे नाहीत, शिक्षकांनी करायचे. अमेरिकेतल्या बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अभियांत्रिकीच्या गटांवर लिहिताना हेच सांगितले: गट शिक्षकाने करावेत, दुबळ्या सामाजिक स्थानावरच्या विद्यार्थ्याला गटात एकटे पाडू नये, आणि वर्गाबाहेर सर्वांना एकत्र बसता येईल अशी वेळ बघून गट करावेत. तिसरी अट वाचून आम्ही हसलो. तिकडे जे पुस्तकी वाटेल ते इकडे एसटीचे वेळापत्रक आहे. एकाच गाडीने येणारी-जाणारी पोरे एका गटात टाका किंवा लॅब सकाळी लवकर उघडा. एवढे तर कुठल्याही एचओडीला जमेल.

दुसरा आग्रह भूमिका फिरवण्याचा. एका सत्रात जो ब्लॅक बुक लिहील, तो पुढच्या सत्रात कोड लिहील. प्रत्येकाने कोडही लिहायचा, तपासायचा आणि त्यावर दोन पानेही लिहायची. डॉक्युमेंटेशन हलके काम आहे असे आम्ही म्हणत नाही. ते चौघांचे का नाही, एवढेच विचारतो.

आणि गिट. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली बनवलेले हे साधन फुकट आहे. कोडची कोणती ओळ कुणी, कोणत्या दिवशी लिहिली हे त्यात नोंदले जाते. तोंडी परीक्षेआधी गाईडने आणि परीक्षकाने ती नोंद उघडून बघावी. चारपैकी एकाच नावाने सगळे कमिट असतील तर गाईडला विचारावे, बाकीच्या तिघांना तुम्ही काय शिकवले? अर्थात नोंदीलाही फसवता येते. एकाच्या लॅपटॉपवरून चौघांच्या नावाने कमिट करणारे महाभाग आहेतच. म्हणून प्रत्येकाला त्याच्याच कोडमध्ये समोर बसून एक छोटा बदल करायला सांगावा. पाच मिनिटांत कळते.

हे सगळे महाविद्यालयांनी करावे यासाठी आम्ही निवेदने देणार आहोतच. पण निवेदनाची वाट बघत बसू नका. गट ठरतो त्या आठवड्यात तुमच्या तोंडून 'मला काहीही चालेल' हे वाक्य निघता कामा नये. लॉगिनचे पान का असेना, एक भाग स्वतःच्या नावावर मागून घ्या. येत नाही असे कुणी म्हणाले तर सांगा, येत नाही म्हणूनच कॉलेजला आलोय. पीपीटी माझ्याकडे असेल तर कोडही माझ्याकडे असेल, हे पहिल्याच बैठकीत बोला, कारण तिसऱ्या बैठकीत फार उशीर झालेला असतो. आणि भावांनो, तुमच्या गटात आपली बहीण असेल तर हेच नियम तिच्यासाठीही आहेत.

येत्या सत्राचे गट जाहीर झाले की आपापल्या गटाची कामाची वाटणी कागदावर लिहून रविवारी अभ्यासवर्गात आणा. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे दोन जुने आहेत. सावकाश चालतात, पण गिट त्यावर चालते.

जय भीम.